एम. एस. युनिव्हर्सिटीचं संशोधन कसं पारखायचं?

प्रश्न असा आहे: मुलीला बडोद्याच्या एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीतच पीएचडी करायची आहे, विज्ञान, मेडिकल आणि मॅनेजमेंट यांपैकी कुठलं संशोधन दमदार?

ताई, आधी एकूण पेपरांचा आकडा बाजूला ठेवा. मेडिकलच्या पेपरावर डझनभर नावं असतात आणि त्याचे दाखलेही (इतर पेपरांत होणारे उल्लेख) भराभर वाढतात. मॅनेजमेंटचा पेपर दोघातिघांचा, छापून यायलाच वर्षदोन वर्षं जातात. दोघांना एकाच तराजूत घातलं तर मॅनेजमेंट उगाच दुबळं दिसणार. तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी.

आणि वेंकटरामन रामकृष्णन यांचं नाव कुणी पुढे केलं तर हसून सोडून द्या. ते इथूनच १९७१ साली फिजिक्सचे बीएस्सी झाले, अभिमान आहेच. पण २००९चं नोबेल ज्या रायबोसोमवरच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवरच्या) कामाला मिळालं ते परदेशातलं. बडोद्याच्या खात्यात ते कसं धरणार?

मी असते तर सरळ शोधगंगा उघडलं असतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं हे पीएचडी थीसिसचं ऑनलाइन भांडार फुकट आहे. विद्यापीठ, मग विभाग, मग गाइडचं नाव निवडा. थीसिसमध्ये नोंदणीची आणि पदवीची तारीख दिली असेल तर गाइडकडे किती वर्षं लागतात ते कळतं. मग तेच काम कुठल्या जर्नलमध्ये छापून आलं ते गूगल स्कॉलरवर बघा. मेडिकलसाठी पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची, बरं.

शोधताना ‘बडोदा’, ‘वडोदरा’, ‘एम. एस.’, ‘महाराजा सयाजीराव’ सगळं घालून बघा, नाहीतर निम्मे पेपर हाती लागत नाहीत.