अकरावी आर्ट्सला इतिहास घेऊ का? नुसत्या सनावळ्याच पाठ कराव्या लागतात का?

तुझा प्रश्न मला कळला तो असा : दहावी झाली, नागपुरातच आर्ट्सला जायचं आहे, इतिहास आवडतो, पण घरचे म्हणतात त्यात घोकंपट्टीशिवाय काही नाही, मार्कही पडत नाहीत.

घरच्यांचं अर्धं खरं आहे. घोकून इतिहास पास होता येतं. मी अकरावीचं अख्खं वर्ष तेच केलं. सर नोट्स सांगायचे, आम्ही मान खाली घालून उतरवायचो. चाचणीत मी वेलस्लीची तैनाती फौज डलहौसीच्या नावावर खपवली होती. दोघं इंग्रजांचे गव्हर्नर-जनरल, दोघं साहेबच, मला काय फरक!

बारावीला सरांच्या जागी मॅडम आल्या. नुकताच पोळा होऊन गेला होता. वर्गात आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काळी मारबत कोणाची?" मारबत म्हणजे पोळ्यानंतर मिरवणुकीत काढतात तो पुतळा. या प्रश्नाला नागपूरचं पोर चुकत नाही. "बाकाबाईची!" "तिनं काय केलं?" "इंग्रजांना फितूर झाली." "तुला कोणी सांगितलं?" आता सगळे गप्प. कोणी आजीकडून ऐकलेलं, कोणी मिरवणुकीत.

मग पुढचे दोन-तीन आठवडे आम्ही बाकाबाईच्या मागे लागलो. ती नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांची विधवा. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, अप्पासाहेब भोसले हरले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं आणि एका लहान मुलाला, म्हणजे तिसऱ्या रघूजीला बसवलं. बाकाबाई त्याची पालक. खरा कारभार मात्र रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सच्या हातात. इथपर्यंत वाचलं की फितुरीचा आरोप पटायला लागतो. पण डिसेंबर 1853 मध्ये तिसरा रघूजी मुलाशिवाय वारला, 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात निघाले, जवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईनं धमकी दिली की राजवाड्यातलं सामान हलवलं तर वाड्यालाच आग लावीन. आणि हीच बाई 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूनं उभी राहिली!

वर्गात सरळ दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, राज्य गेलं, आता उरलंसुरलं घर तरी वाचवावं असा तिचा हिशेब असेल. मागच्या बाकावरून लगेच आलं, "अन् लोकांचं काय बे?" मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, आग लावण्याची गोष्टसुद्धा आपल्याला इंग्रजांच्याच लिखाणातून कळते, तेही मोजून घ्या.

त्या भांडणात सनावळ्या आपोआप डोक्यात बसल्या. 1853, 1854, 1857 हा क्रम उलटा केला की बाकाबाईची बाजू घेताच येत नाही, विरोधही करता येत नाही. दोन सालांच्या मधे काय घडलं ते कळलं की साल वेगळं पाठ करावं लागत नाही. वेलस्ली आणि डलहौसी माझ्याकडून पुन्हा कधी अदलाबदल झाले नाहीत.

मार्कांचं थोडक्यात सांगते. माझ्या भाचीनं आत्ताच बारावी केली. तिला 80 मार्कांची लेखी आणि 20 अंतर्गत होते. अकरावीच्या पुस्तकात प्राचीन भारत, बारावीला युरोपातल्या प्रबोधनापासून वसाहतवाद, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध, थेट बदलत्या भारतापर्यंत. पेपरात टिपा, कारणं, मत नोंदवा, असे प्रश्न. मार्क जातात ते कारणांच्या प्रश्नात. पोरं कारण विचारलं की घटना सांगत बसतात.

अकरावीत वाकाटक येतील तेव्हा एखाद्या रविवारी रामटेककडे जा, जवळच नगरधन आहे, वाकाटकांचं नंदिवर्धन ते हेच. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथली राणी होती, मुलगा लहान म्हणून राज्य तिनं चालवलं. (पुन्हा पालक बाईच. तिची मात्र कोणी मारबत काढली नाही.) सीताबर्डीच्या किल्ल्यात लष्कर आहे, तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. अजब बंगला, म्हणजे आपलं जुनं संग्रहालय, तर बसनं जाण्याजोगा.

पुढे काय, हे घरचे विचारतीलच. मी वकील आहे, जमिनीच्या केसेस करते. लॉला माझ्यासोबत सायन्सवालेही होते, तेव्हा इतिहास घेतला नाही तर दार बंद होतं असं मी म्हणणार नाही. पण भंडाऱ्याकडच्या एका मामा तलावाच्या पाण्याचा वाद माझ्याकडे आला तेव्हा मॅडम आठवल्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार हे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पण कोणाच्या शेताला आधी पाणी, हे बघायला आजही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावच्या हक्क-रिवाजांचे जुने कागद काढावे लागतात. त्यात लिहिलेलं असतं, गावचा रिवाज असा असा. आता हा रिवाज कोणाच्या तोंडून लिहून घेतला? मालगुजाराच्या की टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या? समोरच्या वकिलानं तो कागद देववाणीसारखा वाचून दाखवला. मी नेमकं हेच विचारलं.

एक मात्र ऐक. सोपा विषय म्हणून घेणार असशील तर घेऊ नको. तीन तास हात दुखेपर्यंत लिहावं लागतं, आणि पानभर वाचायचा कंटाळा असेल तर दिवाळीपर्यंतच जीव जाईल. शिवाय इतिहासासोबत भूगोल, राज्यशास्त्र की अर्थशास्त्र मिळेल, हे कॉलेजागणिक वेगळं असतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंती भरायच्या आधी कॉलेजात जाऊन विचारून ये.

बालभारतीच्या साइटवर बारावीचं इतिहासाचं पुस्तक फुकट मिळतं. त्यातला वसाहतवाद आणि मराठे यांच्यावरचा पाठ आज रात्री वाच आणि उद्या जेवताना बाबांना सांग. त्यांनी मधेच "असं कसं?" म्हटलं आणि तुला उत्तर द्यायची खुमखुमी आली, तर फॉर्म भरून टाक.