वाचकांचे प्रश्न : गोळी चालू, तरी हाडं विरळ का?

प्रश्न : वय ५२. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेचा टी-स्कोअर उणे १.९ आला. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबतच उपाशीपोटी घेते. साडेसहाला अर्धा तास चालते. दिवसातून दोनदा मशेरी लावते. कुठे चुकतंय? (वाचक, कराड)

उत्तर : टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या घनतेशी केलेली तुलना. उणे १ ते उणे २.५ या टप्प्याला ऑस्टिओपेनिया (हाडं विरळ होऊ लागणं) म्हणतात, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं). पाळी गेल्यावरची पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. तुम्ही वेळेत तपासलंत हे फार चांगलं झालं.

आधी गोळ्यांच्या वेळा बदला. साध्या गोळीत बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं; ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. शिवाय कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला पोटातच धरून ठेवतं. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. अंतर ठेवलं की थायरॉइडची गोळी जास्त लागू पडेल, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) पुन्हा तपासा. तो डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी हाडं झिजतात.

साडेसहाच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन हवं. साधारण अकरा ते तीन. हात-पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं बसा. बंद काचेआड बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. रक्तात २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व (ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या चाचणीत मोजतात ते) मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. पुढे तेच आपल्या मनाने वर्षभर चालू ठेवू नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला इजा होऊ शकते.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. धूर नसला तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि हाडं बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. ती सोडणं गोळीइतकंच महत्त्वाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत.

पाळी गेलेल्या स्त्रीला आहार आणि गोळी मिळून रोज साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ६० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून २०० च्या आसपास, ३०० मिलिलिटर दुधातून ३५० च्या आसपास मिळतं. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. लोणचं-पापड कमी करा. जास्त मीठ कॅल्शियम लघवीवाटे बाहेर नेतं.

चालणं चालू ठेवा, पण हाडांना त्याहून जास्त भार लागतो. आठवड्यातून तीन दिवस हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून पंधरा वेळा टाचा उचला. पुढच्या वर्षा-दोन वर्षांनी स्कॅन त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की आकडे नीट जुळत नाहीत.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला २.८ मिलिग्रॅम निघालं. सासऱ्यांची पाठ ताठते, पण एक्स-रेत हाडं दाट दिसतात. मग काळजी नको ना? (वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : काळजी करायलाच हवी. स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५. फ्लोराइडने हाड दाट दिसतं पण ठिसूळ होतं आणि सांध्याभोवतीचे बंध कडक होतात. अशा वेळी डेक्साचा चांगला आकडाही फसवा असतो. पाणी उकळू नका. वाफ उडते, फ्लोराइड उरतं आणि प्रमाण वाढतं. साधा कँडल फिल्टरही ते काढत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचं, किंवा तपासून घेतलेलं उघड्या विहिरीचं अथवा साठवलेल्या पावसाचं पाणी वापरा. आंघोळीला बोअरचं चालेल. घरातल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत का, तेही बघा. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्रास वाढतो, म्हणून दूध-ताक टाळू नका.

प्रश्न : वडील, वय ६८, सांधेदुखीसाठी पुडीतली भुकटी घेतात. दोन दिवसांत आराम पडतो. चालू ठेवावी का? (वाचक, जालना)

उत्तर : इतक्या झटपट आराम देणाऱ्या बिनलेबलाच्या भुकट्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइड पोटात गेलं, की हाडं झपाट्याने झिजतात आणि मणका कमी धक्क्यानेही दबू शकतो. मात्र पुडी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर आटलेलं असतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने चालू आहे ते सांगा. डोस हळूहळू उतरवणं आणि डेक्सा, दोन्ही ते ठरवतील.