वाचकांचे प्रश्न : त्या सेकंदाला जहाज कुठे होते?

समुद्रतळाच्या भूभौतिक सर्वेक्षणावर मागच्या अंकात लेख आला, तेव्हापासून नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : जहाजाच्या स्थानाची नोंद. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तीन वर्षे कारखान्यात काम केले. आता सर्व्हे जहाजावर नेव्हिगेशनच्या पाळीसाठी निवड झाली आहे. ‘सॉफ्टवेअर सगळे आपोआप नोंदवते’ असे सांगितले जाते. मग मी नेमके काय बघायचे? — एक वाचक, अंबड

सॉफ्टवेअर नोंदवते हे खरे, पण ते काय नोंदवते हे बघणे हेच तुमचे काम. बऱ्याच ठिकाणी फाइलमध्ये जाते ते संस्कार केलेले स्थान : अँटेनापासून मोजणीच्या उपकरणापर्यंतचे अंतर मिळवलेले, गाळणी लावून गुळगुळीत केलेले. पुढे महिन्याने कळते की अँटेनाचे माप चुकीचे भरले होते. मूळ नोंद नसेल, तर त्या गुळगुळीत रेघेतून चूक वेगळी काढता येत नाही. जमिनीच्या व्यवहारात सातबारा जसा आधी बघतात, तसा इथे जीपीएस रिसीव्हरने पाठवलेला कच्चा मजकूर बघायचा. तो जसाच्या तसा, एका वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, प्रत्येक ओळीपुढे संगणकाची वेळ लावून साठवा. या फाइलला नंतर कोणीही हात लावायचा नाही.

रिसीव्हर जहाजी उपकरणांसाठी ठरलेल्या एनएमईए ०१८३ या पद्धतीच्या ओळी पाठवतो. कमीत कमी चार ओळी हव्यात. जीजीए ओळीत अक्षांश, रेखांश, स्थानाचा दर्जा, उपग्रहांची संख्या आणि उंची असते. झेडडीएमध्ये पूर्ण तारीख आणि वेळ, एचडीटीमध्ये जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते, आणि व्हीटीजीमध्ये ते प्रत्यक्षात कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकते आहे ते. जीजीएमध्ये फक्त वेळ असते, तारीख नसते. म्हणून झेडडीए न साठवता नुसती जीजीए साठवली, तर मध्यरात्री फाइलमधली वेळ शून्यावर येते आणि दिवस कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. ही मध्यरात्र यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची), म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचची. नेमकी पाळी बदलण्याच्या सुमाराची वेळ, म्हणून चूक नजरेतून सुटते. जहाजावरचा प्रत्येक संगणक यूटीसीवरच ठेवा. एक जरी भारतीय वेळेवर राहिला, तर साडेपाच तासांचा घोळ शोधण्यात दिवस जातात.

वेळेचा दुसरा सापळा जास्त फसवा आहे. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. काही उपकरणे जीपीएस वेळ देतात, काही यूटीसी. जहाज ५ नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला २.५७ मीटर चालत असेल, तर १८ सेकंदांत ते ४६ मीटर पुढे जाते. पडद्यावर सगळे ठीक दिसते, पण नकाशा ४६ मीटर सरकलेला असतो. हा १८ चा आकडा उपग्रहांच्या संदेशात साडेबारा मिनिटांनी एकदा येतो. म्हणून बराच काळ बंद असलेला रिसीव्हर चालू केल्यावर पंधरा मिनिटे थांबूनच नोंदी सुरू करा.

तारेचा वेगही तपासा. जुन्या ठरीव ४८०० बॉडच्या जोडणीतून सेकंदाला ४८० अक्षरे जातात. एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची असते, म्हणजे सेकंदाला पाच-सहा ओळी झाल्या की तार भरली. त्यात कोणी सेकंदाला दोनदा स्थान मागितले, की ओळी मागे पडू लागतात, अर्ध्या तुटतात. ३८४०० वर ठेवले की हा प्रश्न मिटतो. तुटलेली ओळ ओळखायला शेवटी ताऱ्याच्या चिन्हानंतर दोन अक्षरी तपासणी-बेरीज असते. ती जुळत नाही ती ओळ वापरायची नाही, पण फाइलमधून पुसायचीही नाही. जागेची काळजी नको : एक ओळ दर सेकंदाला, दिवसाच्या ८६,४०० ओळी, त्यांचे जेमतेम ७ एमबी होतात.

पाळीवर डोळा ठेवायचा तो जीजीएमधल्या दर्जाच्या आकड्यावर. १ म्हणजे साधे स्थान, २ म्हणजे दुरुस्तीसह, ४ म्हणजे आरटीके (सेंटिमीटरपर्यंतची अचूक दुरुस्ती) पक्के, ५ म्हणजे आरटीके अजून तरंगते, ० म्हणजे स्थानच नाही. काही रिसीव्हर ० झाल्यावरही शेवटचे स्थान पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. पडद्यावर जहाज उभे दिसते आणि बाहेर पाणी कापत चाललेले असते. आकडा बदलला की वहीत वेळ लिहा. वही म्हणजे कागदाचीच. लाइन (मोजणीची ठरलेली सरळ वाट) सुरू, लाइन संपली, वेग बदलला, मासेमारीच्या जाळ्यासाठी वळावे लागले, केबल आत घेतली, हे सगळे मिनिटासह लिहायचे. वर्षभराने आकडे वाचणाऱ्याला त्यातला अर्थ त्या वहीतूनच लागतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गटाने गंगापूर धरणाच्या जलाशयात छोट्या बोटीवर इको साउंडर (ध्वनीने खोली मोजणारे यंत्र) लावून सराव केला. दोन अडचणी आल्या. पहिल्या दिवशी सगळे बिंदू भलतीकडेच उमटले. ते सुधारल्यावर तळाच्या समोच्च रेषा करवतीच्या दात्यांसारख्या आल्या, एक आड एक लाइन सरकलेली. — विद्यार्थी, गंगापूर रोड

पहिल्याचे कारण एका वाक्याचे आहे. जीजीएमध्ये अक्षांश २००२.५००० असे येते. ते २० अंश आणि २.५ मिनिटे आहेत, २०.०२५ अंश नव्हेत. मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवले की खरा आकडा २०.०४१७ येतो. अक्षांशात ही चूक १.८५ किलोमीटरची झाली. रेखांश ७३४०.२००० असेल तर खरे ७३.६७ अंश, तुम्ही धरले असणार ७३.४०२; म्हणजे बोट २८ किलोमीटर पश्चिमेला, त्र्यंबकच्याही पलीकडे. दशांशानंतर चार अंक ठेवा. मिनिटाचा दहा हजारावा भाग म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर. तीनच अंक ठेवले तर प्रत्येक बिंदू जवळपास दोन मीटरच्या चौकटींत अडकतो.

करवतीचे दाते मात्र शिकण्यासारखे आहेत. शेजारच्या दोन लाइन उलटसुलट दिशेने चालवल्या की चूक एकदा पुढे, एकदा मागे पडते. कारणे दोन असू शकतात. एक, स्थान उशिरा पोहोचते आणि खोली ताजी असते. दोन, अँटेना आणि साउंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यातला, ध्वनी सोडणारा व घेणारा भाग) यांच्यातले अंतर धरलेले नाही, किंवा उलट्या चिन्हाने धरले आहे. दोन्हींचे चित्र सारखेच दिसते, म्हणून अंदाजाने आकडे ढकलू नका. वेगळे करण्याची रीत अशी :

तळाशी एखादी ठळक खूण शोधा, जुना बांध किंवा नदीपात्राचा तीव्र काठ. त्यावरून एकच लाइन एकाच दिशेने दोनदा चालवा, एकदा सेकंदाला १.५ मीटर आणि एकदा ३ मीटर वेगाने. अँटेनाची चूक वेगाने बदलत नाही, उशिराची बदलते. समजा खूण दोन फेऱ्यांत १.२ मीटर सरकली. वेगातला फरक १.५, म्हणून उशीर ०.८ सेकंद. आता तीच लाइन ३ मीटर वेगाने उलट दिशेने चालवा. नुसत्या उशिरामुळे दोन दिशांच्या खुणांत २.४ च्या दुप्पट, ४.८ मीटर अंतर पडायला हवे. तुमचे ६.८ आले, तर उरलेले २ मीटर अँटेनाच्या मापाचे. त्याचे निम्मे, १ मीटर, ही मापातली चूक. दोन्ही आकडे वेगवेगळे भरा. बेरीज करून एकाच रकान्यात भरले, तर वेग बदलताच दाते परत येतात.

अँटेना सरळ ट्रान्सड्यूसरच्या डोक्यावर, एकाच उभ्या दांडीला लावली तर छोट्या बोटीवर हा अर्धा त्रासच संपतो. शिवाय त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहून ठेवा, नाहीतर खोलीवरून तळाची उंची काढता येणार नाही. जलाशयातल्या गाळाच्या मोजणीवर दिंडोरी रस्त्यावरच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, आपल्या ‘मेरी’त, काम होते, परवानगी काढून एकदा जरूर बघून या.

प्रश्न : मुंबई बंदरापासून मुंबई हायपर्यंतच्या एका सराव-फाइलमध्ये जहाज अचानक सहाशे किलोमीटर उडी मारते. उपकरण बिघडले होते का? — नाशिक रोड

नाही. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान देतात, आणि ७२ अंश पूर्व रेखांशावर हा पट्टा बदलतो. मुंबई आणि नाशिक ४३ व्या पट्ट्यात, मुंबई हाय ४२ व्या. १९ अंश अक्षांशाच्या आसपास त्या रेषेवर पूर्वांक (पूर्व-पश्चिम स्थान सांगणारा आकडा) एका पट्ट्यात सुमारे १ लाख ८४ हजार मीटर आणि दुसऱ्यात सुमारे ८ लाख १६ हजार असतो. सॉफ्टवेअरने आपोआप पट्टा बदलला एवढेच. कामासाठी एकच पट्टा ठरवून तो फाइलच्या पहिल्या ओळीत लिहावा, आणि मूळ अक्षांश-रेखांश नेहमी सोबत ठेवावेत.

प्रश्न : मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र) जहाजामागे लांब केबलवर ओढतात. जहाजाचे स्थान नोंदले, पण मोजमाप तर मागे होते. ते स्थान कसे काढतात? — देवळाली कॅम्प

ओढतात ते जहाजाच्या पोलादाचा चुंबकीय परिणाम टाळण्यासाठी; सेन्सर जहाजाच्या लांबीच्या किमान तिप्पट मागे ठेवण्याचा प्रघात आहे. हिशोब काटकोन त्रिकोणाचा. केबल २०० मीटर सोडली, सेन्सर २० मीटर खोल असेल, तर आडवे अंतर १९९ मीटर. खोली चुकली तरी फारसे बिघडत नाही. साइड स्कॅन सोनारचा फिश (ध्वनीने तळाचे चित्र घेणारा, मागे ओढला जाणारा भाग) १५० मीटर केबलवर ६० मीटर खाली असेल, तर मात्र आडवे अंतर १३७ वर येते, आणि केबलचा झोळ त्यातूनही थोडे कमी करतो. यात अँटेनापासून केबल सुटते त्या बिंदूपर्यंतचे अंतर मिळवायचे; ते १८ मीटर असेल तर मॅग्नेटोमीटर २१७ मीटर मागे.

हे अंतर जहाजाच्या तोंडाच्या उलट दिशेने मोजू नका. बाजूच्या प्रवाहात जहाज तिरके तोंड करून सरळ जाते, आणि केबल पडते ती साधारण चाललेल्या वाटेवर. म्हणून जहाजाच्या नोंदलेल्या वाटेवरूनच २१७ मीटर मागे यायचे. ५ नॉट वेगाला ते ८४ सेकंदांपूर्वीचे स्थान होते. ही पद्धत सरळ लाइनवर चालते. वळणावर सेन्सर आतून कापतो, म्हणून लाइन सुरू होण्याआधी केबलच्या दोन-तीन पट अंतर सरळ चालून केबल ताणून घेतात आणि वळणावरचे आकडे बाजूला ठेवतात. बाजूचा प्रवाह केबलला ५ अंश जरी ढकलत असेल, तरी २०० मीटरवर सेन्सर १७ मीटर बाजूला असतो. समुद्रतळावरची पाइपलाइन शोधायची असेल तर एवढी चूक परवडत नाही. तिथे फिशवर ध्वनी-बीकन लावून जहाजाखालच्या यूएसबीएल यंत्राने त्याचे स्थान थेट मोजतात.

प्रत्यक्षात घोडे पेंड खाते ते त्रिकोणात नव्हे, केबलच्या लांबीत. पाणी उथळ झाले म्हणून कोणी विंचवर २० मीटर केबल आत घेतो आणि वहीत लिहायचे राहते. पुढची सगळी लाइन २० मीटर चुकते. केबलवर दर १० मीटरला रंगीत टेप गुंडाळतात, तीही ओली होऊन सरकते. रोज सकाळी दोन खुणांतले अंतर पोलादी टेपने मोजा, आणि विंचवरच्या माणसाने आकडा मोठ्याने सांगायचा, तुम्ही तो परत म्हणायचा, मगच लिहायचा.

प्रश्न : मी भूगोल शिकवत असे. अरबी समुद्रातल्या जुन्या गुरुत्व-नोंदी अभ्यासताना एकाच जागेची दोन जहाजांची मूल्ये जुळत नाहीत. त्या फेकून द्याव्यात का? — पंचवटी

मुळीच नको. एवढ्या कष्टाच्या नोंदी परत मिळणार नाहीत. आधी त्या काळी स्थान कसे काढत ते बघा. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत खोल समुद्रात पहाटे आणि संध्याकाळी ताऱ्यांचे कोन घेत. मधल्या वेळात दिशा आणि वेग यांवरून अंदाज. नंतर ट्रान्झिट उपग्रह आले. ते ध्रुवीय कक्षेत फिरत असल्यामुळे आपल्या उष्ण कटिबंधात दोन फेऱ्यांमधला वेळ जास्त असे, आणि मधली वाट पुन्हा अंदाजाचीच. जीपीएस आल्यावरही २ मे २००० पर्यंत नागरी संकेत मुद्दाम बिघडवलेला होता. साध्या रिसीव्हरची चूक १०० मीटरपर्यंत जाई.

गुरुत्वमापनात नुसते स्थानच नव्हे, त्यातून काढलेला वेगही लागतो. पूर्वेकडे चालणारे जहाज पृथ्वीच्या फिरण्यात भर घालते, त्यामुळे वजन किंचित कमी भरते. ही एट्वॉश दुरुस्ती. १९ अंश अक्षांशावर पूर्वेकडच्या दर नॉटला ती सुमारे ७.१ मिलिगॅल (गुरुत्वमापनाचे एकक) असते. म्हणजे वेगात ०.१ नॉटची चूक झाली की ०.७ मिलिगॅल गेले. ताऱ्यांवरून काढलेल्या स्थानांत एका नॉटची चूक सहज शक्य होती.

म्हणून तुमच्या नोंदींत आधी लागोपाठच्या दोन पक्क्या स्थानांमधला वेग आणि दिशा काढा. जिथे स्थान घेतल्याबरोबर वेग एकदम बदललेला दिसेल, तिथे प्रवाहाची चूक साचून एका झटक्यात दुरुस्त केलेली असते. ती मागच्या पक्क्या स्थानापासून वेळेच्या प्रमाणात वाटून द्या, नव्या वेगाने एट्वॉश दुरुस्ती पुन्हा करा, आणि मग दोन जहाजांच्या वाटा जिथे छेदतात तिथे गुरुत्वाआधी खोली ताडून पाहा. खोलीही जुळत नसेल, तर वाट सरकलेली आहे. खोली जुळते आणि गुरुत्व जुळत नाही, तर एक जहाज पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला जात होते का ते बघा. वेगाची चूक दोघांत उलट चिन्हाने बसलेली असू शकते.