वाचकांचे प्रश्न : पेशवाईतला गुन्हा, पेशवाईतलाच पुरावा

प्रश्न (नाशिक) : आज सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, डीएनए असं सगळं हाताशी आहे. तरी जुन्या काळातल्या गुप्तहेरकथा लोक एवढ्या चवीनं का वाचतात?

उत्तर : ते सगळं त्या काळात नसतं, म्हणूनच. मोबाइलचं लोकेशन मिळालं की अर्धी कथा दुसऱ्या पानावर आटोपते. पेशवाईत समोरचा माणूस ‘तोच’ आहे हे ठरवतानाही घाम फुटायचा. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले आणि पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. फोटो नाही, बोटांचे ठसे नाहीत. ओळख पटवायची ती चेहरा, बोलणं आणि आठवणी यांवर. कोकणातले किल्लेही या तोतयाच्या बाजूला गेले. शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून देहान्त दिला. घरच्याच माणसाला ठाऊक असेल असा कोणता प्रश्न त्याला विचारायचा? आणि त्याचं उत्तर कुणी आधीच पढवून ठेवलं असेल तर? या दोन प्रश्नांवर एक कथा सहज उभी राहते.

नुसत्या पगड्या-उपरण्यांनी मात्र काम भागत नाही. कथा आज पुण्यात घडवली आणि उलगडा तसाच राहिला, तर ती ऐतिहासिक कशाला करायची?

प्रश्न (सोलापूर) : माझ्या कथेत १७७४ सालचं एक पत्र बनावट निघतं. शाई किंवा अक्षर यांपलीकडे ते पकडायला काय वापरता येईल?

उत्तर : तारीख वापरा. अक्षर ओळखण्याची युक्ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे.

त्या काळच्या पत्रात सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातलं साल, अरबी अंकशब्दांत लिहीत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. हे साल मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. शक मात्र चैत्री पाडव्याला बदलतो.

इथेच खाच आहे. वैशाखातल्या पत्रात शक १६९६ असेल, पण सुहूर सन अजून अर्बा सबैनच. तुमचा लबाड कारकून आषाढात बसून वैशाखाची तारीख टाकतोय. शक बरोबर पडतो, कारण तो चालूच आहे. सुहूर सन मात्र हाताच्या सवयीनं ‘खमस सबैन’ (पाच, सत्तर), म्हणजे मृगानंतरचं नवं साल, उतरतो. पाऊस सुरू झाल्यावर लिहिलेलं पत्र उन्हाळ्यातलं म्हणून खपवलंय, हे एका शब्दावरून कळलं.

दुसरी खूण म्हणजे चंद्र. ‘छ’ लिहून पुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. ती तारीख चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून शुद्ध पक्षातल्या तिथीपेक्षा साधारण एक-दोननं मागे असते. शुद्ध त्रयोदशीला छ ११ किंवा १२ जमेल, छ १९ जमणार नाही. तिसरी खूण मोर्तबाची. मजकूर संपला की तिथे मोर्तबाचा शिक्का उठवत, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. शिक्क्याखाली एखादी ओळ दिसली की तिथे बोट ठेवायचं.

एक पथ्य पाळा : सुहूर सनाचा हिशेब वाचकाला उलगड्याच्या आधी, निदान तीन-चार पानं अगोदर कळला पाहिजे. दप्तरात नवीन उमेदवाराला शिकवताना कुणीतरी तो सांगून टाकावा. शेवटच्या परिच्छेदात पोतडीतून काढलात तर वाचक चिडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

प्रश्न (बेळगाव) : घड्याळ नसलेल्या काळात ‘मी त्या वेळी तिथे नव्हतो’ हे कसं रंगवायचं?

उत्तर : घटकापात्रानं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. ‘सहा घटका रात्र’ म्हणजे सूर्यास्तानंतर २ तास २४ मिनिटं. भोकाच्या कडेला मेणाचा कण लावला तर वाटी उशिरा बुडते. समजा २४ ऐवजी २८ मिनिटं घेऊ लागली, तर सहा घटकांत बरोबर एक घटका चोरली जाते. भोक मोठं केलं तर उलट होतं, आणि ते पुन्हा बुजवता येत नाही. म्हणून गुन्हेगार मेणच निवडेल. पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला गस्तवाले धरून ठेवत. वाटी आणि तोफ यांचा मेळ बसेना, की संशयाला जागा झाली.

प्रश्न (ठाणे) : कोणत्या चुका हमखास होतात?

उत्तर : काडेपेटी सर्वांत आधी. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये विकायला आल्या १८२७ मध्ये, पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. तुमच्या पात्राला चकमक झाडू द्या किंवा शेजारून निखारा आणू द्या. मध्यरात्री दिवा लावायला वेळ लागतो, आणि तो वेळच कथेत कामी येतो. सोमल (आर्सेनिक) हे विष ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ ची, कलकत्त्याचं बोटांच्या ठशांचं कार्यालय १८९७ चं. ‘रुपया’ एवढंच लिहून सोडू नका. रुपया अंकुशी जातीचा की चांदवडी, आणि तो बदलून देताना सराफानं बट्टा (कसर) किती कापला, यावरून पैसे कुठून आले ते निघतं. बखरीच्या भाषेतले संवाद पानभर लिहिण्याचा मोहही आवरा. दोन-तीन शब्द पुरतात.

प्रश्न (पुणे) : शब्दमर्यादा किती धरावी?

उत्तर : अडीच ते तीन हजार शब्द, तीन संशयित आणि काळाशी जखडलेला एकच पुरावा. वरची मोर्तबाची खूण आणि मेणाची वाटी एकाच कथेत कोंबू नका, दोन कथा लिहा.