सड्यावर गोल्फ होईल का?

प्रश्न : काका, आमच्या देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मोठ्या स्पर्धांचं गोल्फ मैदान होईल का? लांबी भरपूर ठेवली की मैदान अवघड होतं ना? – एक वाचक, देवगड

उत्तर : लांबीवर जाऊ नकोस. अमेरिकेतल्या पेबल बीच मैदानाचा सातवा होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचा टप्पा, 100 यार्डांहून जेमतेम जास्त, पण समुद्रावरचा वारा फिरला की कसलेल्यांनाही कोणता क्लब (चेंडू मारायची काठी) घ्यावा कळत नाही. वारा आपल्याकडेही आहे. अडचण पाण्याची. मी मैदानांच्या गवताचं काम करतो. चांगल्या ग्रीनखाली, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीखाली, साधारण 30 सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली 10 सेंटिमीटर खडी आणि तळाशी निचऱ्याचे पाइप लागतात. सड्यावर जांभ्याचा कातळ, माती वीतभरही नाही. आषाढात पाणी तुंबलं की मुळं कुजणार. आणि मे महिन्यात प्यायलाच पाण्याची मारामार, तिथे हिरवळीला कुठून घालणार? खारा वारा पास्पालम गवत सोसतं, ते जमेल. पण कातळशिल्पं नि सड्यावरची पावसाळी फुलं बुलडोझरखाली गेलेली मला अजिबात चालणार नाहीत. स्कॉटलंडची जुनी मैदानं किनाऱ्याच्या वाळूवर, जमिनीचे चढउतार तसेच ठेवून झाली. तसंच करायचं तर आधी नऊ होलांचा, म्हणजे निम्म्याच मैदानाचा विचार करा, तोही विहिरींची मे महिन्यातली पातळी मोजून.