फ्रेंचमधलं 'यू' आणि आपलं 'असता'

प्रश्न असा आहे: जुनं फ्रेंच गद्य वाचताना 'सिल् यूत् एते' ('ते असतं तर') अशी रूपं भेटतात. व्याकरणात त्यांचं नाव 'प्ल्यू-क-पार्फे द्यू सुब्जोंक्तिफ' असं सापडलं. हे क्रियापद चालवायचं कसं, आणि भाषांतर करताना दर वेळी 'असता' लावलं तर चालेल का?

चालवणं सोपं आहे, नाव ऐकून वाटतं त्यापेक्षा पुष्कळच सोपं. मूळ क्रियापदाला हात लावायचाच नाही. त्याचं भूतकालवाचक धातुसाधित ('गेलेला', 'लिहिलेलं' यांसारखं रूप) जसंच्या तसं ठेवायचं (लिंग-वचनाची जुळणी तेवढी पुढे पाहू) आणि फक्त पुढचं सहायक क्रियापद चालवायचं. सहायक दोनच: 'आव्वार' (जवळ असणं) आणि 'एत्र' (असणं). मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने पहिल्याची रूपं यूस, यूस, यू, यूसियों, यूसिए, यूस अशी होतात. दुसऱ्याची फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिए, फ्यूस. ही बारा रूपं आली की फ्रेंचमधलं कुठलंही क्रियापद या काळात चालवता येतं. (इथे 'यू' लिहिलं आहे तिथे ओठ 'ऊ'सारखे गोल करून 'ई' म्हणायचं. देवनागरीत या स्वराला अक्षर नाही.)

तृतीयपुरुषी एकवचनात मात्र डोळे उघडे ठेवा. 'यू' आणि 'फ्यू' लिहिताना स्वरावर एक छोटी टोपी असते. टोपी काढली तर तोच उच्चार, पण काळ वेगळा: साध्या निश्चयार्थातला, म्हणजे घडलेलं सरळ सांगणारा, भूतकाळ. कानाला फरक कळत नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर. संशय आला तर वाक्य मनातल्या मनात अनेकवचनी करून पाहा. 'यूस' बसलं तर टोपी हवी, 'यूर' बसलं तर नको. फ्रेंच लोकही इथे चुकतात. 'आप्रे क', म्हणजे 'नंतर', याच्यापुढे निश्चयार्थ हवा असताना टोपी घातलेली सर्रास दिसते.

ही टोपी म्हणजे गळालेल्या 'स'ची खूण. लॅटिनमधल्या 'फुइस्सेत'चं जुन्या फ्रेंचमध्ये 'फुस्त' झालं, पुढे 'स' बोलण्यातून गेला आणि त्याच्या जागी टोपी आली. फ्रेंच 'ओपिताल'वरची टोपी याच जातीची. तिथे हरवलेला 'स' आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आलेल्या 'इस्पितळ'मध्ये अजून शाबूत आहे! १९९० च्या शुद्धलेखन-सुधारणांनी बऱ्याच शब्दांवरची ही टोपी काढायची मुभा दिली, पण या क्रियारूपांवरची मुद्दाम राखली, कारण ती गेली तर दोन काळ एकमेकांत मिसळतील.

आता 'असता'कडे. प्रश्नातलं उदाहरण सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत पास्काल याच्या प्रसिद्ध वाक्यातलं आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये छापल्या गेलेल्या 'पांसे'मध्ये तो क्लिओपात्राच्या नाकाविषयी लिहितो: ते आखूड असतं, तर पृथ्वीचा सगळा चेहरामोहरा बदलला असता. इथे 'असतं' अगदी चपखल बसतं. जे घडलंच नाही त्याची ही कल्पना आहे, आपल्या व्याकरणातला संकेतार्थ. पास्कालने 'तर'नंतरच्या भागात वेगळं रूप घेतलं आहे, पण जुन्या फ्रेंच गद्यात दोन्ही भागांत हेच रूप आलेलं दिसतं: 'सिल् फ्यू वन्यू, ज फ्यूस पार्ती'. तो आला असता, तर मी गेलो असतो. दोन्हीकडे एकच साचा, हुबेहूब मराठीसारखा. आजचा फ्रेंच माणूस इथे दोन वेगळे काळ वापरतो, म्हणून त्याला हे वाक्य पुस्तकी वाटतं. आपल्याला ते घरचं वाटायला हवं.

साम्य इथेच संपत नाही, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. 'ती आली असती' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, 'त्याने पत्रं लिहिली असती' यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्ये 'एत्र' घेणारी क्रियापदं कर्त्याशी जुळतात. 'आव्वार' घेणारी कर्त्याकडे बघतही नाहीत. कर्म आधी येऊन गेलं असेल तर त्याच्याशी जुळतात. 'त्याने लिहिलं असतं' हे 'इल् यूत् एक्री', पण 'त्याने लिहिली असती ती पत्रं' म्हणताना 'एक्री'चं 'एक्रीत' होतं, कारण पत्र हा शब्द तिथे स्त्रीलिंगी. फ्रेंच मुलांना हा नियम शाळेत घोकावा लागतो. मराठी माणसाच्या जिभेवर कर्माशी जुळणं आधीपासूनच असतं.

पण दर वेळी 'असता'? नाही. या रूपाचं दुसरं काम गौण वाक्यात असतं. मुख्य वाक्य भूतकाळात आहे, त्यात शंका, भीती किंवा इच्छा आहे, किंवा 'जरी' अर्थाचं अव्यय आहे, आणि गौण वाक्यातली गोष्ट त्याही आधीची आहे, तर जुनी फ्रेंच हेच रूप मागते. 'तो भेटीचं विसरला असेल असं मला वाटलं नव्हतं' या वाक्यात फ्रेंचमध्ये 'यू' येईल, मराठीत मात्र 'असेल'. 'रात्रभर पाऊस पडला होता, तरी रस्ते कोरडे होते' इथेही फ्रेंचमध्ये 'यू', मराठीत साधं 'होता'. दोन्हीकडे 'असता' घातलं की अर्थच उलटतो, कारण पाऊस खरोखर पडला होता.

हे दुसरं काम आता जवळपास लिखित भाषेपुरतं उरलं आहे. २८ डिसेंबर १९७६ च्या फ्रेंच शिक्षणखात्याच्या आदेशाने परीक्षेत अशा जागी आजचं सोपं रूप चालवून घेतलं. तुम्ही फ्रेंच बोलायला शिकत असाल, तर तेच वापरा.

एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या वाचणार असाल, तर 'ओं न्यू दी' हा प्रयोग वारंवार भेटेल. शब्दशः 'कोणी म्हटलं असतं', पण तसं भाषांतर करू नका. आपल्याकडे त्याला नेमका विध्यर्थ आहे: 'वाटावं की'. घर इतकं शांत, की वाटावं, कोणी राहतच नाही.