बोसा नोव्हा आणि लाउंज: पहिला ट्रॅक करताना

बोसा नोव्हा म्हणजे ब्राझीलचं निवांत, मऊ संगीत; लाउंज म्हणजे तसंच सैलावलेलं, बहुधा इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत. संगणकावर असा ट्रॅक करताना आधी ठेका नीट बसव. टेम्पो मिनिटाला १२५ ते १३० मात्रा. ठेक्याच्या जाळीत सोळा खाने घे, प्रत्येक खाना आठव्या भागाचा (अर्ध्या मात्रेचा), म्हणजे चार मात्रांचे दोन बार (आवर्तनं). रिमशॉट (ड्रमच्या कडेवर काठीचा टक् ठोका) १, ४, ७, ११ आणि १४ वर. नवखे हेच खाने सोळाव्या भागाचे (पाव मात्रेचे) धरतात. मग ठेका दुप्पट पळतो आणि सगळा निवांतपणा जातो.

गिटार नायलॉन तारांचीच हवी. अंगठा त्याच खान्यांतल्या १, ५, ९, १३ वर, आलटून पालटून मूळ स्वर आणि पंचम. बाकी तीन बोटं कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे) सूर एकदम उचलतात, झंकारत नाहीत. बोसा नोव्हाचा ब्राझिलियन गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तोचं १९५८ नंतरचं वादन फक्त अंगठ्याकडे कान देऊन ऐक, ते घड्याळासारखं चालतं.

घोळ होतो तो खर्जाच्या, म्हणजे कमी कंपनांच्या भागात. अंगठ्याचा बास, सिंथ बास (सिंथेसायझरचा खर्ज) आणि किक (पायाचा मोठा ड्रम) एकाच जागी भांडतात आणि आवाज गढूळ होतो. गिटार १२० हर्ट्झखाली काप. सिंथ बासला साधी साइन वेव्ह (सगळ्यात साधा, गुळगुळीत ध्वनी) पुरे.

क्वांटाइझ (ठोके आपोआप खान्यांवर ओढणं) शंभर टक्के नकोच, ५० टक्क्यांच्या आसपास थांब. शेकरचा (खुळखुळ्याचा) प्रत्येक ठोका कमी-जास्त जोराचा ठेव.

गाणं माइकच्या अगदी जवळून, कुजबुजल्यासारखं. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) सव्वा सेकंदाच्या वर नको, नाहीतर शब्द विरघळतात. जोआओची मुलगी, गायिका बेबेल जिल्बेर्तोचा २०००चा ‘तांतो तेंपो’ हा अल्बम ऐकशील तर कळेल: इलेक्ट्रॉनिक थर आहेत, पण गळा मोकळाच राहतो.